फादर येईपर्यंत दारात कोण?

मागच्या जुलैतली गोष्ट आहे. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, लाईट गेलेली, आमच्या वाडीखालचा व्हाळ, म्हणजे ओढा, साकवावरून (छोट्या पुलावरून) वाहत होता आणि शेजारची मांय अंथरुणावर शेवटचे श्वास घेत होती. वय एक्याऐंशी. थोरला मुलगा मस्कतला, धाकटा नालासोपाऱ्याला, सुना-नातवंडं त्यांच्या त्यांच्या जागी. घरात ती, दिवसभर तिच्याकडे बघणारी एक बाई आणि मी. मांयने मला दोनदा विचारलं, "फादर येतले ना गो बाय?" मी हो म्हटलं. फोन लावत होते, रेंज यायची आणि जायची, पडवीच्या टोकाला छत्री धरून उभी राहिले तेव्हा कुठे लागला आणि कळलं की फादर संध्याकाळी दुसऱ्या गावच्या कोपेलात (छोट्या चर्चमध्ये) मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेले ते रस्त्यावर झाड पडल्यामुळे तिकडेच अडकलेत. ते सकाळी सहाला आले, गाडी झाडापलीकडे ठेवून चालत, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. मांय पहाटेच गेली होती. रात्रभर मी तिचा हात धरून कोंकणीतल्या प्रार्थना म्हणत होते कारण तिला लहानपणी शिकलेल्या त्याच यायच्या, आणि ती सांभाळणारी बाई, जी ख्रिस्ती नाही, ती पण हात जोडून माझ्या शेजारी बसून होती.

फादर आले ते तिच्या उशाशी गुडघे टेकून बराच वेळ तसेच राहिले. यात त्यांची चूक नव्हती, हे मी आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर पुढचं सगळं कोणाला तरी तक्रार वाटेल. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न मनातून जात नाहीये. फादर पोचू शकले नाहीत तर तिथे मी होते हा निव्वळ योगायोग होता, मी शेजारी राहते म्हणून. मी त्या आठवड्यात मुंबईला गेलेली असते तर? चर्चने मला पाठवलेलं नव्हतं, तिथे कोणीतरी असलंच पाहिजे अशी कुठलीही व्यवस्था आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) नाही, आणि माझ्या माहितीत आजूबाजूच्या गावांतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोकणात आज आपल्या कॅथलिक चर्चचं पहिलं काम घरभेट हे असलं पाहिजे, आणि ते काम फक्त फादरांवर ठेवून आता चालणार नाही, गावातल्याच प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या, माणसांना, त्यातही बायकांना, ते रीतसर, नाव लिहून, ट्रेनिंग देऊन सोपवायला हवं. "जमेल तसं जात जा" असं तोंडी सांगून भागणार नाही.

कोकणातच हे एवढं तातडीचं का आहे, तर आपली गावं बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात लोकसंख्या कमी झालेले जिल्हे तीनच, मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला, रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, म्हणजे कर्ते पुरुष बाहेर आणि बायका गावात. आणि ही आकडेवारी जुनी आहे, त्यानंतर आमच्या वाडीतच पाच घरांना कुलूप लागलंय. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आमच्या पायना (वडिलांना) वाटलं होतं की आता मुलं येऊन-जाऊन राहतील, मुलं येतात पण मे महिन्यात आणि नाताळात, चार दिवस, घर भरून जातं, अंगणात खुर्च्या लागतात, आणि मग तुतारी एक्सप्रेसमध्ये त्यांना बसवून म्हातारी परत येऊन एकटीच पेज खात बसते. ख्रिस्ती घरांमध्ये तर आखात, जहाज आणि मुंबई हे तीन पिढ्यांपासून चालू आहे. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये जी डोकी दिसतात त्यावरून धर्मग्राम ओळखता येत नाही. चर्चमध्ये येऊ न शकणारा धर्मग्राम वेगळाच आहे आणि तो वाढतोय.

आता फादरांची बाजू. सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, २००५ साली झाला, त्याआधी आपण पुणे धर्मप्रांतात होतो, बिशपहाऊस सावंतवाडीला आलं म्हणजे तसं ते जवळ आलं ही मोठी गोष्ट होती. पण डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या काही जवळ आल्या नाहीत. एका फादरकडे एक चर्च, दोन-तीन कोपेलं, वर शाळा. शाळा म्हणजे काय तर यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती भरायची, शिक्षकांच्या मान्यता, पालकांच्या मीटिंगा, गळणारं छप्पर. ट्रस्टचे हिशोब, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद. दफनभूमीच्या कंपाऊंडचा वाद, सातबारावरचं नाव. बाप्तिस्म्याचे दाखले हवेत म्हणून पोर्तुगीज पासपोर्टसाठी जुनी वह्या-पुस्तकं उघडायला लावणारे लोक. माझ्या माहितीतले एक फादर मला म्हणाले की सेमिनरीत, धर्मगुरू व्हायच्या शिक्षणात, मी इतकी वर्षं तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकलो आणि इथे माझा अर्धा दिवस प्लंबर आणि बँक यांत जातो. हे सांगताना ते थकलेले होते. रात्री त्या मोठ्या घरात एकटेच जेवतात, आपण त्यांना सणाला बोलावतो पण साध्या मंगळवारी "फादर, आज आमच्याकडे जेवायला या" असं किती जण म्हणतो?

चर्चच्या कायद्यात मात्र घरभेट वरच्याच जागी आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये ५२९ वं कलम आहे, त्यात पॅरिश प्रीस्टने काय करायचं ते लिहिलंय, कुटुंबांना भेटी द्यायच्या, लोकांची काळजी आणि दुःखं वाटून घ्यायची, आजाऱ्यांना आणि मरणाला टेकलेल्यांना धीर द्यायचा, गरीब, पीडित, एकटे पडलेले आणि आपल्या देशापासून लांब असलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हे कोणीतरी आमच्या वाडीत उभं राहून लिहिलंय. एकटे पडलेले इथे आणि देशापासून लांब असलेले मस्कतला, एकाच घरातले. म्हणजे नियम आहे, फादरांची इच्छाही आहे, हात कमी आहेत.

मग हात कुठून येणार? नवे धर्मगुरू एका वर्षात तयार होत नाहीत, घरटी एक-दोन मुलं आहेत आणि त्यांनाच आई-बाप बघायचेत, त्यामुळे सेमिनरीत जाणारे कमीच असणार, त्यासाठी प्रार्थना करूच पण वाट बघत बसण्याएवढा वेळ त्या म्हाताऱ्यांकडे नाहीये.

प्रापंचिकांनी काय करायला परवानगी आहे हे आपल्याला नीट माहीतच नाही ही मोठी अडचण. १९७३ पासून चर्चने प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, आजाऱ्यांच्या घरी घेऊन जायची मुभा दिलेली आहे, बिशपांच्या परवानगीने. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक (मिस्सात बायबल वाचणारा) आणि वेदीसेवक (वेदीपाशी मदत करणारा) या सेवा बायकांनाही रीतसर खुल्या केल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा, ही सेवा म्हणून स्थापन केली. फादर नसतील तिथे लोकांनी एकत्र येऊन शब्दविधी, म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थना, करावा असं कॅनन लॉच सांगतो. लग्न झालेल्या पुरुषांना कायमचे डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षा घेतलेले सेवक, होता येतं, १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते परत सुरू केलं, मुंबई आर्चडायोसिसमध्ये असे डीकन आहेतच. फक्त काही गोष्टी फादरांच्याच. पापनिवेदन ऐकणं आणि रुग्णांचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी) या दोन गोष्टी मी किंवा दुसरं कोणी प्रापंचिक करू शकत नाही आणि करूही नये. पण बघा, मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडे तैलाभ्यंगाला फादर वेळेवर पोचायचे असतील तर कोणीतरी आठ दिवस आधी सांगायला नको का की ह्यांचं आता खालावतंय? ते सांगणारं माणूस म्हणजे दर आठवड्याला त्या घरात जाणारं माणूस. त्या जुलैमध्ये मी मांयच्या घरी रोज जात होते, तिचं जेवण सुटलेलं बघत होते, आणि फादरना आधी कळवावं हे मला सुचलं नाही कारण ते माझं काम आहे असं मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. हे मला अजून लागतं.

ही कल्पना बाहेरून आणलेली नाहीये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अगदी हाच पेच आहे, रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तक्रार झाली, आणि प्रेषितांनी ती कबूल करून लोकांना सांगितलं की तुमच्यातलीच चांगल्या नावाची सात माणसं निवडा, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणजे म्हाताऱ्या बायकांकडे लक्ष राहत नाही एवढ्या साध्या कारणावरून चर्चमध्ये एक नवी सेवा उभी राहिली. निवडले लोकांनी, अधिकार दिला प्रेषितांनी, दोन्ही झालं. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी हिची नाव घेऊन शिफारस करतो.

आणि आपल्या कोकणातलंच बघा. क्रुसाकडची लदीन, म्हणजे क्रुसापाशी जमून म्हणायची प्रार्थना, कोण घेतं? फादर नसतातच, गावातला कोणीतरी म्हातारा व्हायोलिन वाजवतो, बायका उत्तरं देतात, मेणबत्त्या, उकडलेले चणे, संपलं. कित्येक पिढ्या हे प्रापंचिकांनीच चालवलंय. प्रॉटेस्टंट मिशन्समध्ये तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पश्चिम भारतभर बायबल वूमन असायच्या, मराठी बायका, घरोघर जाऊन वाचून दाखवायच्या, आजाऱ्यांपाशी बसायच्या, लिहायला शिकवायच्या, आणि त्यांना पगार होता, भाग ठरलेला होता. आपण कॅथलिक लोकांनी दुसऱ्या मंडळीकडून चांगलं उचलायला लाजायचं कारण नाही.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते आमच्या आशाताईचं. २००५ मध्ये सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं, अट ही की ती त्याच गावातली बाई पाहिजे. सरकारला कळलं की प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर प्रत्येक घरी जाऊ शकणार नाही. म्हणून डॉक्टरचं काम डॉक्टरकडेच ठेवलं आणि दार ठोठावायचं काम आशाला दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने त्या घरी जायचं, हे दिवस ठरलेले आहेत. वजन करायचं, नाळ बघायची, बाळ दूध नीट ओढतंय का बघायचं, आणि धोक्याची लक्षणं दिसली तर पुढे पाठवायचं. ती इंजेक्शन देत नाही, ऑपरेशन करत नाही, पण तिच्यामुळे डॉक्टरला वेळेवर कळतं. हे मला चर्चसाठी जसंच्या तसं पाहिजे, ठरलेली घरं, ठरलेले दिवस, आपली मर्यादा माहीत असलेली बाई आणि मागे उभा असलेला फादर. आशाताईंना मानधनासाठी किती झगडावं लागलं ते मात्र आपण करू नये, पेट्रोलचे पैसे पहिल्या दिवसापासून द्यावेत, आमच्या चढणी चढून पायी जाणाऱ्या बाईला पुण्य मिळेल असं म्हणून सोडून देऊ नये.

गेल्या ऑगस्टपासून मी आणि आणखी दोघी जणी फादरांना विचारून हे करून बघतोय. अकरा घरं, गुरुवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. मी एकवीस वर्षं कॅटेकिझम शिकवतेय पण या काही महिन्यांत मला जे कळलं ते त्या एकवीस वर्षांत कळलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही रोझरी आणि बायबल घेऊन गेलो, आणि पहिल्याच घरी समजलं की आजोबा बीपीची सकाळची आणि रात्रीची गोळी उलटसुलट घेतायत कारण दोन्ही पांढऱ्या आहेत. दुसऱ्या घरी पेन्शन थांबलेली, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला नव्हता, बँकेत जायला रिक्षाचे तीनशे रुपये आणि बरोबर कोणी नाही. एका घरी कानाच्या मशीनची बॅटरी संपून दोन महिने झालेले, मुलाला फोनवर सांगायचं कसं, ऐकूच येत नाही. एक आजोबा पूर्वी चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचे, दोन वर्षं मिस्साला आलेले नाहीत, सगळ्यांना वाटायचं ते रागावलेत, कारण विचारलं तर चर्चच्या अकरा पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. कठडा. एवढंच कारण. दोन वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही प्रार्थना करतो, ख्रिस्तप्रसाद न्यायची परवानगी आता आमच्यातल्या एकीला मिळाली आहे, पण प्रार्थनेच्या आधी गोळ्यांची पट्टी बघतो. याला कोणी सोशल वर्क म्हणालं तर म्हणू दे, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने आजाऱ्याला भेटणं हे स्वतःला भेटणं मानलंय.

अडचणीही आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही.

पहिली आपल्याच लोकांची. "फादर का नाय इले? तू कित्याक इलंस?" हे मला दोन घरांत तोंडावर ऐकवलंय. लोकांना वाटतं प्रापंचिक आली म्हणजे आपल्याला हलकं लेखलं. ह्याला एकच उपाय मला दिसतो, फादरांनी वेदीवरून, रविवारच्या मिस्सामध्ये, सगळ्यांसमोर त्या माणसांना उभं करून हात ठेवून पाठवावं. आमच्या बाबतीत हे चार महिने झालं नव्हतं, नंतर झालं, आणि फरक लगेच पडला. त्यातल्या एका घरात आता आमच्यासाठी चहा आधीच ठेवलेला असतो.

दुसरी गुप्ततेची, आणि ही खरी जड आहे. आपण सगळे एकाच गावचे, कोणाचा कोणाशी बांधावरून वाद, कोणाची सून बोलत नाही, कोणाच्या घरात दारू. बाहेरून आलेल्या फादरना जे सांगता येतं ते शेजारणीला सांगता येईलच असं नाही. एकदा एक आजोबा मला एक जुनी गोष्ट सांगायला लागले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या लक्षात आलं की हे पापनिवेदन आहे. मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं, म्हटलं हे फादरांसाठी ठेवा, मी त्यांना उद्याच घेऊन येते. दुसऱ्या दिवशी फादर आले, मी बाहेर खळ्यात बसले. ते मला जमलं ते नशिबाने, कुठे थांबायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून ट्रेनिंग पाहिजे म्हणते. ऐकायचं कसं, काय ऐकायचं नाही, ऐकलेलं कुठेच कसं बोलायचं नाही, मरणाऱ्या माणसापाशी बडबड न करता कसं बसायचं, बेडसोअर कसा ओळखायचा, स्ट्रोकची लक्षणं. आपल्या धर्मप्रांतात नर्सिंग शिकलेल्या सिस्टर (धर्मभगिनी) आहेत, गावात रिटायर झालेल्या नर्सेस आहेत, सहा शनिवार काढले तर एवढं शिकवून होईल.

तिसरी सुरक्षिततेची. एकटं म्हातारं माणूस, कपाटात दागिने, मृत्युपत्राच्या गोष्टी, बँकेचं पासबुक. म्हणून नियम असावा की दोघींनी मिळूनच जायचं, पैशाला आणि कागदाला हात लावायचा नाही, कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, आणि भेटीची तारीख वहीत लिहायची. ती वही महिन्याला फादरांनी बघायची. लहान मुलं असलेल्या घरांत तर आणखी काटेकोर. यात कोणावर अविश्वास नाहीये, चांगल्या माणसाचंही यातच रक्षण आहे.

आणि चौथी, शेजाऱ्यांची. आमच्या वाडीत हिंदू घरं जास्त, त्यातल्याही म्हाताऱ्या एकट्याच आहेत, आम्ही एका घरी जातो तेव्हा शेजारची आजी "माझ्याकडे पण ये गो" म्हणते. जायचं का? मी म्हणते जायचं, कारण ती माझी शेजारीण आहे आणि तिला पण गुडघे दुखतात. पण सध्या वातावरण असं आहे की ख्रिस्ती बाई घरात आली, प्रार्थना केली, एवढ्यावरूनही कोणी संशय घेऊ शकतो. म्हणून आमच्यात ठरलंय की तिथे जायचं ते माणूस म्हणून, औषध आणून द्यायचं, गप्पा मारायच्या, आपण होऊन प्रार्थना करायची नाही, पत्रकं तर नाहीच. हे भीतीपोटी आहे का? थोडं असेल. पण दुःखात असलेल्या माणसाच्या अडचणीचा कशासाठीही फायदा घेऊ नये हे मला सुवार्तेतूनच कळतं.

पैशाचं थोडक्यात. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मंडप, लाईटिंग, बँड, साउंड, जेवण यावर आपण हात मोकळा सोडतो आणि मला फेस्त मनापासून आवडतं, त्या दिवशीच सगळं गाव एकत्र दिसतं, ते कमी करा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कौन्सिल असलीच पाहिजे असं कॅनन लॉचं ५३७ वं कलम सांगतं, तर त्या कौन्सिलने वर्षाच्या बजेटमध्ये घरभेट म्हणून एक ओळ घालावी. आमच्या तिघींचं पेट्रोल, बीपीची दोन मशीन, थोडी औषधं, सगळं धरून फेस्ताच्या एका रात्रीच्या बँडपेक्षा कमी होतं, मी हिशोब करून बघितलाय.

अजून एक गोष्ट जी बोलायला लोक कचरतात. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातली काही घरं नव्या प्रार्थना-मंडळ्यांकडे गेली. त्यावर चर्चमध्ये जे बोललं जातं ते बहुतेक रागाने. त्यातल्या एका बाईला मी ओळखते, माझ्याबरोबर शाळेत होती. तिचा नवरा अपघातात सापडला तेव्हा कुडाळच्या हॉस्पिटलात तिसऱ्या रात्री तिच्यापाशी बसायला त्या मंडळीतले एक पास्टर आणि त्यांची बायको आली, डबा घेऊन, आधी ओळख नसताना. आपल्यातलं कोणी गेलं नाही, कळलंच नव्हतं म्हणे. ती मला म्हणाली, "माका खंयची शिकवण बरोबर ता म्हायत नाय, पण ते इले." मी तिच्याशी वाद घातला नाही. ती आपली श्रद्धा सोडून गेली याचं मला दुःख आहे, पण त्याहून जास्त दुःख त्या तीन रात्रींचं आहे.

भाषेचं पण यातच येतं. इंग्लिश मिडीयमच्या मुलांना इंग्लिश मिस्सा हवी, तरुणांना मराठी चालते, आणि म्हाताऱ्यांची प्रार्थना कोंकणीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर), म्हणजे साठ वर्षांपूर्वीच, मातृभाषेत उपासना आली, त्याच्याही किती आधी १६१६ साली थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण छापलं, म्हणजे इथल्या माणसापर्यंत पोचायचं तर त्याच्या बोलीत पोचावं लागतं हे चारशे वर्षांपूर्वी बाहेरच्या माणसाला कळलं होतं. आज बाहेरून आलेले फादर मराठी शिकतात, मेहनत घेतात, मी त्यांचा आदर करते. पण मरताना माणूस आईच्या भाषेत जातो, आणि कुठल्या घरात कुठली भाषा आहे, कुठल्या मांयला कुठलं गीत आवडायचं, हे गावातल्याच बाईला माहीत असतं.

लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर मिस्सा सुरू झाली तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता प्रश्न सुटला. मदत झाली हे खरं, अजूनही काही घरांत रविवारी मोबाईल ग्लासाला टेकवून मिस्सा चालू असते. पण आवाज नीट येत नाही, मध्येच जाहिरात लागते, रेंज जाते, आणि मुख्य म्हणजे मोबाईल गोळ्यांची पट्टी बघत नाही. २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा जागतिक दिवस पाळला जातो, आम्हीही पाळतो, गुलाब देतो, केक कापतो. गेल्या वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये जेवढे आजी-आजोबा आले होते ते सगळे चालू शकणारे होते.

येत्या रविवारी आमच्या पॅरिश कौन्सिलची मीटिंग आहे. फादरांनी हा विषय घ्यायला होकार दिलाय. मी तीन गोष्टी मागणार आहे, नेमणूक लेखी असावी, सहा शनिवारचं ट्रेनिंग जूनच्या आधी संपावं आणि बजेटमध्ये ती एक ओळ यावी. चर्चच्या पायऱ्यांच्या कठड्याचं काम ओळखीच्या एका वेल्डरने अर्ध्या पैशात करून द्यायचं कबूल केलंय. अकरातली तीन घरं व्हाळाच्या पलीकडे आहेत, पाऊस लागला की साकव बुडतो आणि आम्ही तिघीही अलीकडे राहतो. म्हणून पलीकडेच राहणारं कोणीतरी हवं. तिथला एक रिक्षावाला आणि त्याची बायको तयार झालीत, दोघांची नावं मी वहीत लिहून ठेवलीत.